केटल घेताय? आधी पिन बघा, मग बाकीचं

दीड लिटरची स्टीलची मोठी केटल घ्यायची की लिटरभराची छोटी डबल वॉलवाली (म्हणजे आत-बाहेर दोन थरांची), असं तुमचं चाललं असेल तर मी दोन्ही वापरल्यात. मोठी वर्षभर आणि छोटीला आता दोन वर्षं होतील. ऑटो कट, लाइट, फिरता बेस हे सगळं दोन्हीत असतंच, त्यात वेळ घालवत नाही. आणि आपला दुधाचा चहा दोन्हीत करायचा नसतो, दूध तळाला लागतं आणि उतू गेलं तर थेट बेसच्या कनेक्शनवर, त्यामुळे चहा गॅसवरच. केटल म्हणजे ग्रीन टी, लिंबू-मध, पावसाळ्यात आईची वाफ, आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त म्हणजे उपम्याचं आधण, इकडे रवा भाजून होईपर्यंत तिकडे पाणी तयार.

वेगात मोठीच पुढे, यात वाद नाही. ती १५०० वॅटची, छोटी १००० ची. घड्याळ लावून नाही बघितलं कधी, पण मोठीत पाणी ठेवलं की कप विसळेपर्यंत खटका पडायचा, छोटीत कप विसळून लिंबू चिरून वर दोन मेसेज वाचून होतात. काहींना वाटतं वॅट कमी म्हणजे बिल कमी, तसं नसतं हो, पाणी तेवढंच तापवायचंय तर वीजही जवळपास तेवढीच, लिटरला साधारण ०.१ युनिट, फक्त वेळ जास्त लागतो. उलट आमच्या मोठीला मिनिममची खूण अर्ध्या लिटरवर होती, म्हणजे मला एकट्याला एक कप हवा असला तरी अर्धा लिटर उकळा आणि उरलेलं ठेवा गार करत.

पण हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझं डोकं फिरवलं ते पिनने.

मोठीला जाड पिन येते, १६ अँपची (आमचा वायरमन अजून पंधराच म्हणतो). आमची परळची जुनी बिल्डिंग, किचनमध्ये जाड पिनचा पॉवर पॉईंट एकच आणि त्यावर फ्रीज. म्हणजे पाणी तापवायचं तर फ्रीजची पिन काढा, केटलची लावा, पाणी झालं की परत अदलाबदल. चार दिवस मजा वाटते. मग मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मी ग्रीन टी केला, कप घेऊन गॅलरीत गेलो, तिथून आम्ही सगळे तसेच बदलापूरला आत्याकडे. रात्री दार उघडलं तर किचनमध्ये पाण्याचं तळं. इडलीचं पीठ डब्याचं झाकण उचलून खालच्या कप्प्यात उतरलेलं, दूध फाटलेलं, आणि फ्रीझरमधल्या बांगड्यांचं तर काय सांगू. आई एक शब्द बोलली नाही, नुसती फडकं घेऊन बसली, ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दहा पावलांवरच्या दुकानातून जाड पिनचं बारीक करणारं कन्व्हर्टर आणलं आणि मोठी साध्या पॉईंटवर लावली. आठवड्यात ते कन्व्हर्टर हात लावला तर चटका बसेल इतकं तापायला लागलं. वायरमन आला, वास घेतला आणि मलाच झापलं. हिशोब सोपा होता, मीच केला नव्हता. १५०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला साडेसहा अँप, आणि त्या साध्या पॉईंटची ताकद ६. वर लाइटच्या लाइनीची वायर पातळ. छोटीचे १००० वॅट साडेचार अँपच्या आतच राहतात, पिन बारीकच येते, मिक्सरच्या पॉईंटला बिनधास्त चालते. वेगळा पॉईंट काढून घेता आला असता, पण त्यासाठी मीटरपासून जाड वायर ओढायची, भिंत फोडायची, आणि टाइल्स गेल्या की तसल्या परत मिळत नाहीत.

छोटीत सगळं गोडच आहे असंही नाही. पहिले तीन-चार दिवस प्लास्टिकचा वास येत होता, लिंबू पिळून दोन-तीनदा पाणी उकळून फेकलं तेव्हा गेला. चौघांना एकदम हवं असेल तर दोन फेऱ्या होतात. तोंड लहान, हात पूर्ण आत जात नाही, एरवी पालिकेच्या पाण्याने काही होत नाही पण उन्हाळ्यात टँकर आला की तळाला पांढरं धरतं, मग लिंबूसत घालून उकळायचं. बाहेरून मात्र तापत नाही, आणि आमच्या ओट्यावर दोन माणसं कोपराला कोपर लावून उभी असतात तिथे हे मला फार बरं वाटतं. मोठीचा चटका बायकोने दोनदा खाल्लाय.

आता तुमचं घर नवीन असेल, ओट्यावर दोन-तीन पॉवर पॉईंट असतील आणि माणसं पाच-सहा, तर माझं ऐकू नका, मोठीच घ्या. बाकी वनरूम किचनवाल्यांनी दुकानात जायच्या आधी एकदा ओट्याच्या वरची भोकं मोजून बघा.

आमची मोठी माळ्यावर आहे. गणपतीत पाहुणे आले की काढतो, आणि तेवढे दिवस फ्रीजच्या दारावर आईच्या अक्षरात चिठ्ठी असते, ‘पिन लावली का?’