कॅम्पर ओढण्यासाठी जुना पिकअप : इसुझू व्ही-क्रॉस 2.5

निवृत्तीनंतर दोघांपुरता छोटा कॅम्पर, म्हणजे झोपण्या-राहण्याची सोय असलेला ट्रेलर, मागे जोडून फिरायचे ठरले, की गाडी बघणारा प्रत्येक जण आधी इंजिनाची ताकद विचारतो. पुण्याहून साताऱ्याकडे किंवा कोकणात उतरायचे म्हणजे घाट आलाच, आणि घाटात मागचे वजन ओढण्यापेक्षा आवरणे अवघड असते. म्हणून माझ्या मते आधी ब्रेक, चासी (गाडीचा खालचा सांगाडा) आणि वजनाचा हिशेब पाहावा. टॉर्कचे, म्हणजे इंजिनाच्या ओढण्याच्या जोराचे, आकडे त्यानंतर. या कसोटीवर आम्ही इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉसचे 2.5 लिटर डिझेल इंजिनाचे जुने मॉडेल घेतले आणि त्याविषयी आम्ही समाधानी आहोत.

पर्याय मोजकेच होते. टोयोटा हायलक्सचे 2.8 लिटर इंजिन 204 अश्वशक्तीचे आहे, परंतु ती गाडी भारतात 2022 मध्ये आली असल्याने जुनीसुद्धा महाग पडते. स्कॉर्पिओ गेटअवेचे इंजिन कोणत्याही गावच्या मेकॅनिकला ठाऊक असते, हा तिचा मोठा गुण. मात्र धड अवस्थेतली मिळणे दुर्मीळ. बोलेरो कॅम्पर (नाव तसे असले तरी तोही पिकअपच) दणकट खरी, पण पिवळ्या पाटीच्या, म्हणजे व्यावसायिक नोंदणीच्या, गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंग करावे लागते, आणि या वयात आरटीओच्या फेऱ्या कोणी वाढवून घेऊ नयेत.

व्ही-क्रॉस 2016 मध्ये आली. सुमारे 134 अश्वशक्ती आणि 320 न्यूटन मीटर टॉर्क हे आकडे आज फार मोठे वाटत नाहीत. पण हा टॉर्क इंजिनाच्या मिनिटाला 1800 फेऱ्यांपासूनच मिळतो, त्यामुळे सुमारे सातशे किलोचा भरलेला कॅम्पर घेऊन चढावर इंजिन पिळावे लागत नाही. पसरणी घाटातून वाईकडे उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये ठेवलेली गाडी इंजिनाच्या बळावरच बऱ्याच अंशी आवरली जाते आणि ब्रेकवर पाय अधूनमधूनच ठेवावा लागतो. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या चालकांचा नियम मागे कॅम्पर असताना तर अधिकच लागू पडतो. कॅम्परला स्वतःचे ब्रेक असणे मात्र मी अनिवार्य मानतो, कारण सगळा भार गाडीच्या ब्रेकवर टाकला तर लांबलचक उतारावर ते तापून निकामी होऊ शकतात.

जुनी गाडी पाहताना मीटरवरच्या किलोमीटरपेक्षा रॅम्पवर चढवलेल्या गाडीचे पोट अधिक खरे बोलते. आम्हाला दाखवलेल्या एका पिकअपची चासी ताज्या काळ्या रंगाने चकचकत होती. "काका, अंडरकोटिंग केलंय, पावसाळ्याची चिंताच नको," असे विक्रेत्याने सांगितले. आमच्या मेकॅनिकने मागच्या टोकाला स्क्रूड्रायव्हरचे टोक ओढले, तेव्हा रंगाखालून गंजाचे पापुद्रे सुटून हातावर आले. गाडीची आधीची नोंदणी किनारपट्टीवरची होती. कॅम्पर जोडायचा टो हुक बंपरला नव्हे तर चासीलाच बोल्टने बसवावा लागतो, त्यामुळे तिथला गंज किंवा वेल्डिंगचा डाग दिसला की किंमत कितीही उतरवली तरी परत फिरावे. त्याखेरीज मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत चीर आहे का, डिफरन्शिअलमधून (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यातून) तेल पाझरते का आणि चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर वेग न वाढता नुसत्या फेऱ्या वाढतात का, हे पाहावे. तसे झाले तर क्लच प्लेट संपत आलेली असते.

कॅम्परच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार हुकावर यावा. तो फार कमी ठेवला तर वेगात कॅम्पर डोलू लागतो, आणि हुकावर जो भार येतो तो गाडीच्या हौद्यातल्या सामानाच्या वजनातच धरायचा असतो. रिकामी असताना व्ही-क्रॉस पाट्यांमुळे मागून उडते. हुकावर भार आला की बरीच शांत होते. फोर-व्हील-ड्राइव्ह कोरड्या डांबरी रस्त्यावर वापरू नये, पण ओल्या गवतावरून कॅम्पर बाहेर काढताना तीच कामाला येते.

कागदपत्रांत बँकेचा बोजा उतरला आहे ना, हे पाहून मगच गाडी नावावर करण्याच्या 29 आणि 30 क्रमांकांच्या अर्जांवर सह्या कराव्यात. कॅम्परची नोंदणी वेगळी असते, आणि विमा कंपनीलाही त्याची कल्पना लेखी द्यावी.

खरी अडचण लांबीची आहे. 5.3 मीटरची ही गाडी सोसायटीतल्या पाच मीटरच्या पार्किंगमधून बाहेर डोकावते, आणि पेठांतल्या गल्ल्यांत ती नेण्याचा हट्ट न धरलेला बरा. रिव्हर्स घेताना मात्र तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले लांब अंतर फायद्याचे ठरते, कारण कॅम्पर एकदम वळत नाही आणि मागे उभ्या माणसाची हाक ऐकून स्टिअरिंग सावरायला वेळ मिळतो.