४० मिलिमीटरचा सेमी-स्लिक टायर: काळी माती, मुरूम आणि सागाचा पाला

नाशिकसाठी ग्रॅव्हल सायकलचा, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरही चालणाऱ्या सायकलचा, टायर निवडताना नकाशाच्या आधी कॅलेंडर उघडावं. ७०० × ४० मापाचा ट्यूबलेस सेमी-स्लिक, म्हणजे मधली पट्टी जवळपास गुळगुळीत आणि दोन्ही कडांना बुटके नॉब (रबराचे उंचवटे), हा ऑक्टोबरअखेरपासून मेपर्यंत जिल्ह्यातल्या बहुतेक कच्च्या रस्त्यांना पुरून उरतो. पावसाळ्यात मात्र हाच टायर निफाडच्या काळ्या रानात सायकल खांद्यावर घ्यायला लावतो. दोष टायरचा कमी, मातीचा जास्त. पण पैसे टायरला मोजायचे असतात, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

हाच प्रकार का, याचं कारण शहराबाहेर पडण्याच्या रस्त्यात आहे. कुठल्याही दिशेला निघालं तरी खरी माती लागेपर्यंत पंधरा-वीस किलोमीटर डांबर तुडवावं लागतं आणि परततानाही तेवढंच. पूर्ण नॉब असलेला टायर डांबरावर घरघरतो, पाय खातो आणि मधले नॉब लवकर झिजवतो. सेमी-स्लिकची मधली पट्टी डांबर मुकाट्याने कापते. नॉबचं काम वळणावर सायकल कलली की सुरू होतं. साध्या टायरच्या तुलनेत किंमत दुप्पट-तिप्पट जाते, पण इथे खरा खर्च काट्यांचा असतो आणि तो ट्यूबलेसमध्येच वाचतो.

बसवण्यातच निम्मे लोक चुकतात. रिमची आतली रुंदी २१ ते २५ मिलिमीटर असेल तर ४० चा टायर नीट गोल बसतो. रिम टेप (आतली भोकं झाकून हवा अडवणारी पट्टी) आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद घ्यायची. २३ च्या रिमला २५ किंवा २६. टेप ताणून, बुडबुडा न ठेवता दोन फेरे मारायचे. व्हॉल्व्हचं भोक ब्लेडने कापू नये, चीर पुढे फाटत जाते. टोकदार दाभण तापवून पाडावं. टायरच्या कडांना साबणाचं पाणी लावायचं, व्हॉल्व्हचा गाभा काढायचा आणि एका दमात हवा भरायची. दोन्ही बाजूंनी ‘खट खट’ वाजलं म्हणजे कडा बसल्या. पायपंपाने जमलं नाही तर पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर चालतो, फक्त प्रेस्टा व्हॉल्व्हचा (सायकलच्या बारीक व्हॉल्व्हचा) अडॅप्टर खिशात हवा. त्याचा हात मोटारसायकलला सरावलेला असतो. हुकलेस रिम (आतल्या काठाला टायर धरणारा वळ नसलेली) असेल तर ७२ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) वर जाऊच द्यायचं नाही, आणि टायरवर त्याहून कमी मर्यादा छापली असेल तर तीच पाळायची. नंतर हवा सोडून प्रत्येक टायरमध्ये ६० ते ८० मिलिलिटर सीलंट (भोकं आतून बुजवणारा द्रव) भरायचं, पुन्हा हवा भरायची आणि चाक दोन्ही बाजूंवर अर्धा-अर्धा तास आडवं ठेवायचं.

आता माती.

गोदाकाठचा पट्टा सपाट, म्हणून सोपा वाटतो. चांदोरी, सायखेडा आणि पुढे नांदूर मध्यमेश्वर हा भाग हिवाळ्यात ग्रॅव्हलसाठी उत्तम: उसाच्या फडांमधल्या गाडीवाटा, पाटाच्या कडेचे कच्चे रस्ते आणि शेवटी गोदावरी-कादवेच्या संगमावरचं धरण. हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. चापडगावच्या बाजूला पक्षी बघायला मनोरा आहे. अभयारण्याच्या हद्दीत सायकल बाहेर लावून पायी जावं. या पट्ट्यात टायरची परीक्षा दोन ठिकाणी होते. पहिली चाकोरीत. ऊसतोडणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ओल्या मातीत खोल चाकोऱ्या पाडतात आणि त्या वाळून विटेसारख्या कडक होतात. चाकोरीतून बाहेर पडताना हँडल हळूच तिरकं केलं तर गुळगुळीत भाग कडेवरून घसरतो आणि पुढचं चाक परत आत पडतं. वेग कमी करून, पुढचं चाक हलकं उचलून, जमेल तेवढ्या आडव्या कोनात काठ ओलांडायचा. दुसरी परीक्षा पाटाला आवर्तन सुटलं की. पाझराने पाटाकडची बाजू वरून कोरडी आणि खाली लोण्यासारखी मऊ असते. पाटापासून लांबच्या कडेने चालवावं.

काळी माती भिजली की प्रश्न पकडीचा राहत नाही, जागेचा होतो. ही माती पाणी पिऊन फुगते, टायरला थरावर थर चिकटते आणि फ्रेम, फोर्कमध्ये ठासून बसते. टायर आणि चेनस्टे (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या फ्रेमच्या नळ्या) यांच्यात दोन्ही बाजूंना किमान सहा मिलिमीटर मोकळे हवेत. अनेक फ्रेममध्ये ४० चा टायर घातल्यावर चारच उरतात. त्यातून जोर लावून पेडल मारलं तर मातीतली वाळू रंग खरवडते, कार्बनची फ्रेम असेल तर दोरेसुद्धा. जास्त रुंद टायर घालून हे सुटत नाही, उलट बिघडतं. अवकाळी पाऊस झाला की दोन दिवस कडक ऊन पडेपर्यंत पूर्वेकडे जाऊच नये. अडकलातच तर बाटलीतलं पाणी ओतू नका, चिखल वाढतो. चपटी काडी किंवा जुनी लाकडी पट्टी घेऊन खरवडावं.

दिंडोरी-वणीच्या बाजूला टायर खरा खुलतो. मुरमाचे चढउतार, वाघाड, करंजवण, पालखेड अशी धरणं, मधे द्राक्षबागांच्या गल्ल्या आणि क्षितिजावर सप्तशृंगीची रांग. ३२-३५ पीएसआयवर मुरमात टायर तरंगल्यासारखा जातो आणि कडेचे नॉब वळणावर नेमकी तेवढीच पकड देतात. धोका वेगळाच आहे. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी झाली की बागेच्या कडेला काड्यांबरोबर मांडवाच्या तारेचे तुकडे पडलेले असतात. काट्याचं भोक सीलंट बुजवतं, तारेची चीर बुजत नाही. छाटणीच्या पंधरवड्यात बागेच्या बांधावरून न जाता मधल्या गाडीवाटेनेच जावं. फवारणी चालू असेल तर वाराही बघावा.

डांबरीकरणाआधी टाकलेली उघडी खडी हा इथला दुसरा शत्रू. आपला काळा बेसाल्ट फुटतो तो धारदार कडा घेऊनच. हवा कमी असेल तर खडीवर रिम आपटते आणि ट्यूबलेस टायरसुद्धा कडेजवळ चिरतो. अशा तुकड्यावर मागच्या टायरमध्ये ३५ पीएसआयपेक्षा कमी हवा नको.

गिरणारे सोडून वाघेरा घाटाने हरसूलकडे किंवा त्र्यंबकच्या बाजूने जंगलात शिरलं की गोष्ट पुन्हा बदलते. साग हिवाळ्यापासून पानं टाकू लागतो आणि मार्चपर्यंत पायवाटांवर ताटाएवढ्या पानांचा थर साचतो. वाळलेल्या पाल्यावर सेमी-स्लिक साबणावर ठेवल्यासारखा सरकतो, शिवाय खालचा दगड दिसत नाही. उतारावर पुढचा ब्रेक एका बोटाने, तोही सायकल सरळ असतानाच. नेहमी अशाच वाटांवर जाणाऱ्याने पुढे पूर्ण नॉबचा टायर आणि मागे सेमी-स्लिक अशी जोडी लावावी. आमच्या मते नाशिकला बारा महिने चालवायचं तर हीच सर्वांत शहाणी जोडी. राखीव वनातल्या वाटांवर जाण्याआधी वन विभागाकडे विचारावं. आणि देवळाली तोफखान्याच्या सराव क्षेत्रातली मुरमाची वाट कितीही मोहक दिसली तरी तिकडे सायकल घालायची नाही. तिथे खरे गोळे पडतात.

हवेचे आकडे सत्तर किलोचा स्वार आणि अकरा किलोची सायकल धरून: डांबरावर पुढे ४२, मागे ४५; मुरमावर ३२ आणि ३५; वाळलेल्या काळ्या रानात ३० आणि ३३; पाल्यावर २८ आणि ३१. वजन पाच किलोने वाढलं की एक-दोन पीएसआय वाढवा. निफाडच्या कडाक्याच्या थंडीत पहाटे आठ अंशाला भरलेले ३२ दुपारी तिशीत गेल्यावर साधारण साडेतीनने वाढतात, तेव्हा सकाळी थोडं कमीच भरलेलं बरं.

सीलंटच्या डब्यावर काहीही लिहिलेलं असो, एप्रिल-मेच्या उन्हात ते दोन महिन्यांत आटतं. चाक कानाजवळ हलवून आत खळखळ ऐकू आली नाही तर ३० मिलिलिटर वाढवायचं. बाभळीचा काटा घुसला तर लगेच उपटू नये. हवा जात नसेल तर घरी जाऊन काढावा; जात असेल तर काढून भोक खाली येईल असं चाक फिरवावं, म्हणजे सीलंट तिथे जमतं. सराट्यांना तर हा टायर भीकही घालत नाही, आणि पैसे वसूल होतात ते इथेच. मोठ्या भोकाला प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी), साइडवॉलच्या (टायरच्या बाजूच्या भागाच्या) चिरेला आतून जुन्या टायरचा तुकडा आणि मग ट्यूब. ट्यूब ३५-४५ मापाची, व्हॉल्व्ह रिमच्या उंचीला पुरेल इतका लांब.

मागचा टायर पुढच्यापेक्षा बराच लवकर झिजतो. मधली पट्टी चपटी दिसू लागली की पुढचा मागे आणि नवा पुढे घालावा, उलटं कधीच नको.

ट्यूब घालण्याआधी ट्यूबलेस व्हॉल्व्ह काढायचा आणि टायर आतून फडक्याने पुसायचा, उघड्या हाताने नव्हे. सीलंटने गपचूप बुजवलेले हंगामभराचे काटे आतून टोकं वर करून बसलेले असतात. ते पक्कडीने एकेक काढले नाहीत तर नवी ट्यूब पहिल्या किलोमीटरमध्येच जाते.