सॉल्ट ब्रिज की संक्रांतीचं सुगड?

डॅनियल सेल, म्हणजे जस्त-तांब्याची साधी बॅटरी, वर्गात करून दाखवायचा, तर दोन द्रावणांमधली आयनांची (विद्युतभार असलेल्या कणांची) वाट कशाची करायची, सॉल्ट ब्रिजची की मातीच्या सुगडाची, एवढाच खरा प्रश्न उरतो. जस्त, तांबं आणि 1.10 व्होल्ट हे फळ्यावर होऊन गेलेलं असतं. सामानासाठीही आपल्याकडं हेलपाटे नाहीत. बोर्डो मिश्रणाचा मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि पिकाला टाकायचं झिंक सल्फेट, दोन्ही कृषी सेवा केंद्रात मिळतात.

मी बरीच वर्षं सॉल्ट ब्रिजवालाच होतो. पुस्तकात आकृती त्याचीच. दोन पेले शेजारी, वर मिठाच्या पाण्यात भिजवलेली फिल्टर पेपरची पट्टी. मागच्या बाकावरच्या लेकराला पण दिसतं की इकडं जस्त, तिकडं तांबं, आणि आयनांचा रस्ता वरून. पट्टी उचलली की काटा शून्यावर, टेकवली की परत वर. हे सुगडात दाखवता येत नाही, हे आधीच कबूल करतो.

मग बिनसलं कुठं? तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात. पत्र्याचं शेड, दुपारचे दोन, शेजारी भलामोठा पंखा. दोन सेल जोडून लाल एलईडी सकाळी कसाबसा लागला होता. परीक्षक आले तेव्हा बंद. मल्टिमीटर लावला तर दोन व्होल्टच्या वर दाखवतोय! मुलगी माझ्याकडं बघतीय, मी तारा हलवतोय. तारेत काही नव्हतंच. पट्टी मधोमध वाळत आली होती. मल्टिमीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही, म्हणून अर्धवट ओल्या पट्टीवरही तो व्होल्टेज दाखवतो. एलईडीला काही मिलिअँपिअर लागतात, आणि तेवढे आयन त्या चिंचोळ्या कागदातून सरकत नाहीत. जस्ताकडं धनभार साचतो, तांब्याकडं सल्फेट उरतो, की इलेक्ट्रॉनही तारेतून निघायचे थांबतात. दर दहा मिनिटाला ड्रॉपरनं पट्टी ओली करत बसणं मला काही जमलं नाही.

पट्टीऐवजी अगर (जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ) घातलेली यू-नळी वाळत नाही, खरं आहे. पण अगर घट्ट होतं 32 ते 40 अंशांच्या दरम्यान. एप्रिलात परभणीला ते नुसतं टेबलावर ठेवून घट्ट होतं का बघा.

पुढच्या जानेवारीत घरात वाणाची सुगडं रिकामी पडली होती. एक उचललं, आत झिंक सल्फेट आणि जस्ताची पट्टी, बाहेर प्लास्टिकच्या डब्यात मोरचूद आणि तांब्याचा पत्रा. पहिला अर्धा तास काहीच नाही, कारण सुगड कोरडं होतं. रात्रभर भिजवल्यावर मात्र दोन सुगडांवर तोच एलईडी दुपारभर चालला. कागदाच्या बोटभर पट्टीऐवजी आयनांना सुगडाची सगळी भिंत मिळते, फरक तेवढाच असावा. यात नवीन काही नाही म्हणा. 1836 साली डॅनियलनं मधल्या पडद्याला बैलाची अन्ननलिका वापरली होती, मातीचं सच्छिद्र भांडं मागून आलं.

सुगडाची खोड एकच. रात्रभर भरून ठेवलं तर तांब्याचे आयन आत झिरपतात आणि सकाळी जस्तावर काळपट तांबं चढलेलं असतं. संध्याकाळी ओतून धुवायला लागतं. आणि ते सुगड परत घरात नेऊ नका, मोरचूद विषारी आहे.

बारावीला, परीक्षेच्या तोंडावर शिकवत असाल तर सॉल्ट ब्रिजच बरा पडेल. आकृती तीच काढायचीय. टेबल मांडून तीन-चार तास उभं राहायचं असेल तर मी तरी सुगडच घेईन. फक्त रंग किंवा वॉर्निश दिलेलं नको. कुंभाराकडून आणल्यावर पाणी भरून ठेवा, आणि बाहेरून दमट लागलं तरच कामाला घ्या.