भोकं काढायला कुठला सिनेमा लावावा: 'रेडर्स' की 'ज्युरासिक'?

चार दोस्त जमवून कथानकातली भोकं काढायचा बेत असेल, तर स्पीलबर्गचेच दोन साहसपट समोर ठेवा: 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' (१९८१) आणि 'ज्युरासिक पार्क' (१९९३). 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधले गरुड (अंगठी पायी कशाला न्यायची, गरुडांवर बसून का नाही?) सोडा. तो वाद रंकाळ्याच्या कट्ट्यावर इतका चघळून झालाय की आता चव राहिलेली नाही.

'ज्युरासिक'मधलं भोक अस्सल आहे. टी-रेक्स कुंपण तोडून सरळ चालत रस्त्यावर येते (बेटावरच्या सगळ्या माद्याच, म्हणून 'येते'). तिला खायला ठेवलेली बकरीही तिथंच वर आणलेली असते. थोड्या वेळानं टी-रेक्स त्याच बाजूला गाडी ढकलते, तर तिथं अख्खं झाड मावेल एवढा कडा! 'दरी जरा पलीकडं असेल' असा बचाव कुणीतरी करतो, पण दृश्य मागं नेऊन पाहिलं की तो गप्प होतो. वाद तिथंच संपतो.

'रेडर्स'चं उलटं आहे. आरोप असा की नायक इंडी (इंडियाना जोन्स) नसता तरी नाझींनी ती पवित्र पेटी (नावातली 'आर्क') उघडलीच असती आणि ते मेलेच असते. मग दुसरा म्हणतो, अरे, ते चुकीच्या जागी खणत होते! पेटीची जागा शोधायला लागणाऱ्या पदकाच्या एकाच बाजूचा मजकूर त्यांच्याकडं होता, तोही टोट या त्यांच्या हस्तकाच्या तळहातावर भाजून उमटलेला. पहिला म्हणतो, इंडी आडवा आला नसता तर अख्खं पदकच हाती लागलं असतं की. पण मग इंडीच्या मागावर न राहता, पदक जिच्याकडं होतं ती मॅरियन सापडली असती का? आणि पेटी शेवटी कुणाच्या ताब्यात गेली असती? यातलं काहीच रिमोटनं मिटत नाही.

नाझींच्या पाणबुडीवर बसून इंडी बेटापर्यंत कसा पोचला, हाही आवडता आक्षेप. त्या काळच्या डिझेल पाणबुड्या बहुतेक प्रवास पाण्यावरूनच करायच्या, गरज पडली तरच बुडी. म्हणजे ते भोक नव्हे, फक्त न दाखवलेला प्रवास. तरी त्यावर तासभर जातोच.

'सिनेमा बघायला आलायस का पंचनामा करायला?' असं म्हणणारा एखादा भावा सोबत असेल, तर 'ज्युरासिक' लावा. त्यात पुरावा डोळ्यांसमोर असतो, तोही सामील होतो. पण मुरलेली टोळी असेल तर 'रेडर्स'च. फक्त पेटी उघडते तेव्हा चेहरे वितळतात, त्याआधी बारक्यांना झोपवा.