नऊ महिने वापरलेलं घरचं खुराडं: काय टिकलं, काय उखडून टाकलं

जानेवारीत मागच्या पडवीलगत खुराडं बांधलं, आता ऑक्टोबर संपत आलाय. मधे एक उन्हाळा गेला आणि कोकणातला अख्खा पाऊस गेला. बांधून झाल्या झाल्या लिहिलं असतं तर नुसतं स्वतःचं कौतुक झालं असतं. गाव संगमेश्वर तालुक्यातलं, त्यामुळे पाऊस किती ते सांगायला नको. आणि कॅलेंडरासाठी खिळा ठोकण्यापलीकडे माझा हातोडीशी संबंध आलेला नव्हता.

आई म्हणाली, "आठ कोंबड्यांना बंगला कशाला बांधतोस? डालगं घाल, वर चिरा ठेव." तिच्या माहेरी तसंच चालायचं. पण रोज तिन्हीसांजेला आठ जणींच्या मागे धावणं मला जमलं नसतं.

माप ६ बाय ४ फूट, म्हणजे कोंबडीमागे ३ चौरस फूट. पुढून उंची ५ फूट, मागून ४, पत्र्यावरचं पाणी मागे पडावं म्हणून. चार कोपऱ्यांना जांभ्याचे चिरे रचून सगळं जमिनीपासून २ फूट उचललं. वासे पाडलेल्या गोठ्याचे, पोफळ घरची. विकत आणलं ते पत्रा, जाळी, बिजागऱ्या आणि खिळे. त्याचे ६,८०० झाले. नंतरच्या दुरुस्त्यांचे ३,५०० त्यात मिळवा, कारण तेही खरं तर बांधकामच होतं.

सगळ्यात बरोबर ठरलं ते तळाला टाकलेल्या पोफळीच्या रिपा. मधे बोटभर फटी ठेवल्या, त्यातून शीट (कोंबड्यांची विष्ठा) खाली पडते आणि आठवड्यातून एकदा फावड्याने ओढून घेता येते. खाली तूस पसरून ठेवलं की वासही आटोक्यात राहतो. ही शीट थेट झाडांना मात्र घालू नका. मी मिरचीच्या रोपांना ओंजळ ओंजळ घातली आणि चार दिवसांत रोपं करपली. आता ती आधी खड्ड्यात कुजते आणि मग माडाच्या आळ्यात जाते.

जाळीत मात्र फसलो. दुकानात षटकोनी भोकांची पातळ जाळी मिळते, तिला चिकन जाळीच म्हणतात. नावावर गेलो. ती कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. मार्चमध्ये एका रात्री कलकलाट झाला म्हणून बॅटरी घेऊन धावलो, तर एक तलंग (तरुण कोंबडी) जाळीला चिकटून पडलेली, तिचा पंख भोकातून बाहेर ओढलेला. जाळी फाटलीही नव्हती, नुसती आत वाकली होती. शेजारचे काका म्हणाले कांडेचोर, आई म्हणाली रानमांजर. कोणीही असो, तलंग सकाळपर्यंत गेली. त्यानंतर अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची जाड जाळी, म्हणजे वेल्डमेश आणली आणि खिळे वाकवून न बसवता वायसर घालून स्क्रूने आवळली. बसायची दांडीही जाळीपासून फूटभर आत घेतली. तेव्हापासून रात्री काही घडलेलं नाही. दिवसा मुंगूस येतो तो वेगळा. दार उघडं असलं की अंडं पळवतो आणि चिऱ्यावर आपटून फोडतो. कोपऱ्यातल्या चिऱ्यापाशी पिवळा ओघळ दिसला की समजायचं.

मे महिन्यात पत्रा तापला. कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख सैल सोडून धापा टाकायच्या. वर झावळांचे झाप टाकले आणि काम भागलं.

पावसाची भीती मला जास्त होती, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात चारही बाजूंनी ताडपत्री ठोकून टाकली. पंधरा दिवसांत सकाळी दार उघडलं की डोळे चुरचुरायचे आणि दोघींच्या गळ्यातून घरघर यायची. कोंबडी गारठ्यापेक्षा कोंदट हवेने लवकर बिघडते हे तेव्हा कळलं. ताडपत्री काढली, पत्र्याखाली वीतभर पट्टा नुसत्या जाळीचा ठेवला आणि झड येते त्या पश्चिमेला पत्रा २ फूट पुढे काढला. आठवड्यात घरघर थांबली.

आता खरी डोकेदुखी. ऑगस्टमध्ये कोंबड्या संध्याकाळी आत जाईनात. दारापर्यंत यायच्या, मान आत घालायच्या आणि वळून फणसावर जाऊन बसायच्या. अंडीही कमी झाली. मला वाटलं, साप शिरला असेल. रात्री आठनंतर बॅटरी घेऊन आत डोकावलो. बसायची दांडी बांबूची होती, हौसेने घातलेली. तिच्या खालून हात फिरवला तर बोटांवर रक्ताचे बारीक फराटे उमटले. बांबूचं टोक चिऱ्यावर आपटलं तेव्हा पोकळीतून राखेसारखी भुकटी पडली, आणि ती भुकटी चालत होती. लाल उवा, म्हणजे रेड माइट. दिवसभर फटीत लपतात आणि रात्री कोंबडीचं रक्त पितात, म्हणून दिवसा कोंबड्या तपासून काही सापडत नाही. बांबू जाळला, रिपांवर उकळतं पाणी ओतलं, सांध्यांतून चुना भरला, पाच दिवसांनी तेच पुन्हा केलं, कारण अंड्यांतून नव्या उवा निघतात. दांडी आता भरीव लाकडाची आहे, २ इंच रुंद, कडा घासलेली, आणि ठोकलेली नाही, नुसती खोबणीत बसते. रविवारी काढून उन्हात टाकतो. नव्याने बांधणार असाल तर एवढं एक तरी ऐका.

अंडी घालायला चार खण केले होते. सगळ्या एकाच खणात घालतात, आत एक बसलेली असली तर बाहेर ओरडत उभ्या राहतात. दोन खण पुरले असते.

सुरुवातीच्या कोंबड्या पाच गावरान आणि तीन ग्रामप्रिया. ग्रामप्रिया ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेली जात. अंडी तिचीच जास्त, पण खुडूक बसून पिल्लं काढायचं काम गावरानीचं. एकीने सप्टेंबरमध्ये ११ अंड्यांवर बसून २१ दिवसांनी ८ पिल्लं काढली. पिल्लांचे पाय रिपांच्या फटीत अडकतात, तिथे गोणपाट अंथरा.

मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस चुकवू नका. तिची, म्हणजे लासोटाची कुपी निदान १०० कोंबड्यांची येते आणि कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, त्यामुळे वाडीतल्या चार घरांनी एक दिवस ठरवून घेतलाय. बर्फाच्या थर्मासातून आणायचं काम माझ्याकडे.

दाराची खालची फळी पावसात फुगलीय, ती पुढच्या मेआधी बदलायची आहे. फणसावर बसायला शिकलेल्यांपैकी सगळ्या परत आल्या, एक ग्रामप्रिया सोडून. तिला अजून रोज सातला काठीने उतरवावं लागतं.