बिगक्वेरीला एआय असिस्टंट जोडला, दोन महिने वापरून झाले

आमच्याकडे एसक्यूएल (डेटाबेसमधून डेटा काढायची भाषा) धड येणारे दोघंच, मी आणि एक ज्युनियर, आणि मार्केटिंगवाल्यांचं "जरा एवढा डेटा काढून दे ना" दिवसभर चालूच. म्हणून एमसीपी टूल्समधून (एआयला बाहेरच्या सिस्टिम वापरू देणारी जोडणी) असिस्टंटला बिगक्वेरी, म्हणजे आमचा डेटा ठेवलेली गुगलची क्लाउड सेवा, जोडून दिली. टेबलांची यादी, स्कीमा (कुठल्या टेबलात कुठले कॉलम), क्वेरी लिहिणं, चालवणं सगळं तोच करतो. असिस्टंटचं नाव नाही सांगत, उगाच वाद नको.

पहिल्याच दिवशी या असिस्टंटसाहेबांनी काय केलं, तर गुगल अ‍ॅनालिटिक्सच्या सगळ्या दिवसांच्या टेबलांवर सिलेक्ट स्टार (सगळे कॉलम दे) आणि शेवटी लिमिट १० (दहाच ओळी दाखव). आल्या दहा ओळी, पण वाचला गेला दोन वर्षांचा अख्खा डेटा! आता ऑन-डिमांडमध्ये (जेवढं वापराल तेवढं बिल) पैसे दिसलेल्या ओळींचे नाही तर वाचलेल्या डेटाचे लागतात, त्या टेबलांवर लिमिट लावून एक पैसा वाचत नाही, हे माणसांनाही माहीत नसतं म्हणा. महिन्याला १ टेबिबाइट फुकट असतो, आमचा तो एरवी महिनाभर पुरायचा.

मग सूचना लिहून दिली की आधी स्कीमा बघ, लागतील तेवढेच कॉलम घे, टेबल सफिक्सवर (टेबलच्या नावाच्या शेवटी असलेल्या तारखेवर) तारखेची अट लाव, ड्राय रन करून, म्हणजे क्वेरी खरी न चालवता, किती डेटा वाचणार ते सांग आणि मग चालव. ड्राय रनला पैसे पडत नाहीत. फरक पडला, खरंच पडला, पण गप्पा लांबल्या की गडी विसरतो. शेवटी मॅक्झिमम बाइट्स बिल्ड (maximum bytes billed), म्हणजे एका क्वेरीला जास्तीत जास्त किती डेटाचं बिल लागू द्यायचं, ती मर्यादा टाकली, क्वेरी त्याच्यावर गेली की चालतच नाही आणि पैसेही कापले जात नाहीत. हे आधी करा, सूचना नंतर लिहा.

कौतुकाचं पण सांगतो. इव्हेंट पॅरम्सचं अननेस्ट (एकाच कॉलममध्ये कोंबलेली माहिती सुटी करणं) मला अजून जुनी क्वेरी उघडून कॉपी करावं लागतं, हा एका दमात लिहितो. ज्युनियरने सेशन (साइटवरच्या भेटी) मोजताना नुसता सेशन आयडी घेतला होता, यानेच सांगितलं की तो दोन युजरचा सारखा असू शकतो, सोबत युजरचा आयडी जोड. मला नव्हतं दिसलं ते.

पण वेळेच्या बाबतीत काही खरं नाही. इव्हेंट टाइमस्टॅम्प (घटनेची नोंदलेली वेळ) यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत असतो, त्याने सरळ तारीख काढली, म्हणजे आपल्या रात्री १२ ते पहाटे साडेपाचचं सगळं आदल्या दिवसात. आमचा सेल रात्री १२ ला उघडला आणि रिपोर्टमध्ये सेलच्या आदल्या दिवशीच धडाधड ऑर्डरी! शिवाय खाली असिस्टंटने ऐटीत लिहिलंय, "ग्राहकांचा आधीपासूनच उत्साह दिसतो." बॉसने तो स्लाइडमध्ये टाकला होता, मीटिंगच्या दहा मिनिटं आधी काढायला लावला.

पाचपैकी साडेतीन. एसक्यूएल वाचता येणारं कुणी टीममध्ये नसेल तर दोनच.