ऑफिसमध्ये अचानक रस्ट गळ्यात पडली असेल तर आधी रस्टलिंग्स करा

इतकी वर्षं पायथनमध्ये काम करत होते आणि टीममधली एक रस्टची, म्हणजे रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली, सर्व्हिस माझ्याकडे आली, जिने लिहिली ती दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेली. अशा वेळी जो तो व्हिडिओ कोर्स सुचवतो. माझं ऐकाल तर कोर्स नंतर बघा, आधी रस्टलिंग्स, म्हणजे रस्ट शिकण्यासाठीचा छोट्या छोट्या एक्सरसाइजचा संच.

फुकट आहे, ओपन सोर्स आहे, रस्टवाल्यांचंच आहे. कार्गोने (रस्टचं पॅकेज टूल) इन्स्टॉल करायचं, इनिट केलं की फोल्डर तयार, मग एकेक छोटी फाइल उघडायची जी मुद्दाम अर्धवट किंवा चुकीची लिहिलेली असते, तुम्ही दुरुस्त करून सेव्ह केलं की टर्मिनलमध्ये आपोआप परत रन होते. अडलं तर एच दाबा, हिंट येते. सुटल्यावर त्यांचं उत्तरही बघता येतं, ते न चुकता बघा.

मला आवडायचं खरं कारण म्हणजे नोकरीत आपण कोऱ्या फाइलवर लिहितोच कुठे, दुसऱ्याचा कोड वाचायचा, कंपायलर (कोड तपासून चालवण्याजोगा करणारा प्रोग्राम) काय सांगतोय ते समजून घ्यायचं आणि लागेल तेवढंच बदलायचं, आणि हे पहिल्या दिवसापासून नेमकं तेच करून घेतं.

मूव्ह सिमँटिक्सचा (व्हॅल्यूची मालकी एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते त्याचा) भाग तर फारच भारी. एक व्हेक्टर (रस्टमधली लिस्टच म्हणा) फंक्शनला दिलाय, फंक्शन त्यात ८८ टाकून परत देतं, आणि खाली टेस्टमध्ये जुना व्हेक्टरही तपासलाय. पायथनमध्ये लिस्ट घेऊन हेच केलं तर एररबिरर काही नाही, पण जुन्या लिस्टमध्येही गुपचूप ८८ येऊन बसतं, असे बग शोधण्यात दिवस जातात. इथे कंपायलर ई०३८२ ही एरर देऊन थांबवतो, व्हॅल्यू कुठल्या ओळीवर मूव्ह झाली, परत कुठे वापरली ते खुणा करून दाखवतो, वर क्लोन करा असंही सुचवतो. ओनरशिप, म्हणजे प्रत्येक व्हॅल्यूला एकच मालक हा रस्टचा नियम, कशाला हवी हे मला तिथे पटलं. फक्त दिसली एरर की लाव क्लोन अशी सवय नको, क्लोन म्हणजे अख्खी कॉपी, बऱ्याचदा नुसता रेफरन्स (मालकी न देता व्हॅल्यू वापरायला देणं) देऊन भागतं.

आता उणीव. असिंक (एक काम अडकलं असताना बाकीची कामं चालू ठेवायची पद्धत) अजिबात नाही, आणि नेटवर्कवाल्या बहुतेक सर्व्हिसमध्ये तर असिंक आणि टोकियो ही त्यासाठीची लायब्ररीच भरलेली असते, तिथे वेगळा अभ्यास लागतोच. लाइफटाइम्सचे (रेफरन्स कुठपर्यंत वैध राहतो त्याचे) एक्सरसाइजही मोजून तीन आहेत, कमी वाटतात. आणि नुसतं हेच करून भागत नाही, रस्टचं अधिकृत पुस्तक ऑनलाइन फुकट आहे ते शेजारच्या टॅबमध्ये उघडं ठेवा, बहुतेक भागांच्या रीडमीमध्ये त्याची लिंक असते.

माझे ५ पैकी ४ स्टार, एक असिंकसाठी कापला. आणि मॅनेजरशी बोलून यासाठी ऑफिसचाच वेळ मागून घ्या, काम त्यांचंच आहे, रात्री जागून शिकायची गरज नाही.